मधला बिल्ला

२१ सप्टेंबर १९८६, रविवार

मामा काल मस्कतला परत गेला. गणपतीला येताना त्याने माझ्यासाठी कॉम्प्युटर आणलाय. स्पेक्ट्रम. दिसायला चपटा काळा डबा, रबराच्या बटणांचा. टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवरून प्रोग्रॅम भरायचे. निघताना मामा म्हणाला, "दमू, रोज काय शिकलीस ते लिहून ठेव, नाहीतर त्याचं खेळणं होईल." म्हणून ही वही. आधी इंग्लिशमध्ये सुरू केली होती, पण इंग्लिशमध्ये लिहिलं की कॉन्व्हेंटच्या सिस्टरना दाखवायचा निबंध होतो, सगळ्या वाक्यांना इस्त्री केल्यासारखा. मराठीत माझ्या चुका होतात. होऊ देत.

आता एक खरं काम पाहिजे. मासिकातले प्रोग्रॅम टाईप करून कंटाळा आला. अप्पा इथे रत्नागिरी बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, तिथेच काहीतरी शोधते.

शोधलंच आहे खरं तर. सोसायटीच्या ऑफिसात भिंतीला एक लांब फळी आहे, खिळे ठोकलेली. बोट समुद्रात जाताना तांडेल, म्हणजे तिचा कप्तान, आपला पितळेचा बिल्ला त्या फळीवर टांगतो, परत आला की काढून नेतो. फळी रिकामी म्हणजे सगळ्या घरी. पण हल्ली बोटी मासळी विकायला जयगडला लागतात, नाट्याला लागतात. तिकडून फोन येतो, बिल्ला मात्र इथे तसाच लटकत राहतो. कारण दुसऱ्याच्या बिल्ल्याला कोणी हात लावत नाही. बोट बुडाली तरच दुसऱ्याचा हात लागतो, आणि तोही कुणाचाही नाही. ज्याने त्या बोटीची शेवटची खबर आणली, त्यानेच काढायचा. लहानपणी मी एकदा नुसतं बोट लावलं होतं तर भिकाजीकाकांनी हातावर फटका मारला होता. ते तिथले क्लार्क.

तर रोज संध्याकाळी भिकाजीकाका गेलेल्या बोटींचे नंबर आणि आलेल्या बोटींचे नंबर घेऊन बसतात. दोन्हीकडे तेच नंबर आहेत का, एवढंच बघायचं. हे काम कॉम्प्युटरचं नाही तर कुणाचं?

२४ सप्टेंबर, बुधवार

प्रोग्रॅम झाला. गेलेल्यातला पहिला नंबर घ्यायचा, तो आलेल्यात सापडेपर्यंत शोधायचा. मग दुसरा. मग तिसरा. चालला. मी टीव्हीसकट सगळं रिक्षात घालून सोसायटीत नेलं.

भिकाजीकाका खुर्ची उलटी करून बसले. मी नंबर टाकले, बटण दाबलं. स्क्रीन काळीच.

"झोपला काय गो?"

"शोधतोय काका."

"शोधू दे, शोधू दे." ते उठून चहा सांगून आले. "बाय, ह्याचा शोध लागेपर्यंत माजा चा पिवून झाला. मी नुसती नजर फिरवली नि झाला माजा काम."

सगळे हसले. मी पण हसले, पण घरी येईपर्यंत कान गरम होते. चाळीस बोटींना चाळीस वेळा शोधायचं म्हणजे सोळाशे वेळा बघणं. हे मठ्ठ काम झालं. हुशार माणसाने असं करू नये.

३० सप्टेंबर, मंगळवार

दोन्हीकडचे नंबर आधी चढत्या क्रमाने लावायचे आणि मग शेजारी शेजारी ठेवून बघायचे. कल्पना चांगली होती, पण क्रम लावण्यातच इतका वेळ गेला की माझी वेणी घालून झाली. मुळात बेसिक, ही कॉम्प्युटरची भाषाच हळू.

५ ऑक्टोबर, रविवार

सापडलं. न्हाणीत अंगावर पाणी घेताना सापडलं, तशीच ओल्या केसांनी धावत आले. आई ओरडली.

बेरीज करायची. गेलेल्या बोटींच्या नंबरांची बेरीज, आलेल्या बोटींच्या नंबरांची बेरीज. किती गेल्या, किती आल्या. बेरीज आणि संख्या, दोन्ही जुळलं की सगळ्या आल्या. एकेक नंबर एकदाच बघायचा आणि सोडून द्यायचा. काही साठवायला नको, शोधायला नको. आठ ओळींचा प्रोग्रॅम. शेवटचा नंबर टाकून बटण दाबलं की हात उचलायच्या आत उत्तर.

रझिया आली होती. शाळेत दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर. तिला पुढे शिकवलं नाही, पण गणितात ती नेहमी माझ्या पुढे. मी तिला दाखवलं. तिने बोरं खात खात बघितलं आणि म्हणाली, "एक, दोन, तीन गेले. बेरीज सहा. दोन, दोन, दोन आले. ती पण सहा. आणि ते पण तीनच."

"एकच बोट तीनदा कशी येईल गो?"

"मला काय माहीत. कॉम्प्युटर तुझा, बोटी तुझ्या."

"बोटी म्हणजे तुझी बोरं नाहीत. एक बोट एका वेळी एकाच बंदरात असते."

"बरं बाई," म्हणाली आणि बी माझ्या केसात टाकलं.

मी तिच्यासमोर वीस-पंचवीस वेळा कुठलेही नंबर टाकून बघितले. मुद्दाम एखादा गाळला, एखादा बदलला. दरवेळी बरोबर पकडलं त्याने.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज सोसायटीत सगळ्यांसमोर केलं. भिकाजीकाकांनी कागद उचलायच्या आत उत्तर. यावेळी चहा मी सांगितला.

रझियाच्या घरचे तिघेही होते. तिचे अब्बा गुलाम रसूल, काका दाऊदचाचा आणि मोठा भाऊ सुलेमान. तिघांच्या तीन बोटी, एकमेकींना सोडून जात नाहीत. सुलेमानभाईचं तांडेल म्हणून हे पहिलंच वर्ष. नारळी पौर्णिमेनंतर नवे बिल्ले वाटतात तेव्हा ते तिघे रांगेत एकामागे एक उभे राहिले होते. अब्बांना २३, सुलेमानला २४, दाऊदचाचांना २५. नव्या तांडेलाला मध्ये घेतात, दोन्ही बाजूंना जाणती माणसं. फळीवर पण त्याचा बिल्ला मध्येच.

सुलेमान स्क्रीनकडे बघून म्हणाला, "काय गो मास्तरणी, हा आमचा मासा पण मोजेल काय?"

रसूलचाचा म्हणाले, "मासा नको मोजायला. मासा मोजला का कमी होतो. आमाला मोजू दे."

अप्पांचा चेहरा बघण्यासारखा होता. घरी येताना मला म्हणाले, ऑफिसात तुझ्यासाठी एक टेबल टाकतो. अप्पांनी दादाला पण कधी टेबल टाकलं नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

पाडवा. रोज संध्याकाळी कॉलेजवरून सोसायटीत जाते. भिकाजीकाकांनी कागदावर खुणा करणं सोडलंय. नंबर आले की चिठ्ठीवर लिहितात आणि चिठ्ठी माझ्याकडे सरकवतात. "तुज्या मशिनीत घाल गो."

रझियाकडे फराळ दिला. तिच्या आईने डबा रिकामा परत द्यायचा नाही म्हणून सुका बांगडा घातला. दिवाळीत. आईने तो बाहेरच ठेवला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारपासून वारा. रेडिओवर तीनला सांगितलं, बोटी तर पहाटेच गेल्या होत्या. अडतीस. पाचला लाईट गेली. मी मेणबत्तीच्या उजेडात लिहितेय. कौलं उडाल्याचा आवाज येतो, कुणाची ते कळत नाही. अप्पा बंदरावर. रझियाच्या घरचे तिघेही बाहेर आहेत.

१२ नोव्हेंबर, बुधवार, सकाळ

अप्पांनी पहाटे माणूस पाठवला. कॉम्प्युटर घेऊन ये म्हणून. सोसायटीच्या मागे बर्फाचा कारखाना आहे, त्यांच्या जनरेटरवरून वायर ओढलीय. रस्त्यावर माडच माड आडवे. माझी टेप भिजली, आतला एकही प्रोग्रॅम चालत नाही. पण बेरजेचा मला तोंडपाठ आहे. जनरेटर दोनदा बंद पडला, दोनदा सगळं पुसलं गेलं, दोन्ही वेळा मी पुन्हा टाईप केला. लांबलचक प्रोग्रॅम असता तर काय केलं असतं?

इथे बंदरात रात्रीच बऱ्याच बोटी शिरल्यात. बाकीच्या वाऱ्याने ढकलल्या तिकडे गेल्या. फोन येतोय पण आवाज विहिरीतून आल्यासारखा. आधीच उत्तरेकडे गेलेल्या काही जयगडला लागल्या. सातला पूर्णगडहून फोन आला, भिकाजीकाकांनी घेतला: ३, १६, २४, ३१. रात्रीच आल्यात. २४ म्हणजे सुलेमानभाई. रझिया बाहेर पायरीवर बसलीय, तिला जाऊन सांगितलं. तिने नुसती मान हलवली. "अब्बा?" म्हणाली. म्हटलं, येईल फोन.

त्यानंतर भिकाजीकाका धक्क्यावर गेले, तिथे दोन बोटी एकमेकींवर आपटून अडकल्यात. आता ऑफिसात अप्पा आणि मी.

बुधवार, रात्र

सगळ्या आल्या. आजचं आजच लिहायचं आहे.

दुपारी जैतापूरहून फोन आला तो अप्पांनी घेतला आणि चिठ्ठी मला दिली. ती अजून माझ्या पर्सला चिकटलीय: ७, १९, २४, ४०, ४४. मी टाकले. अजून आठ कमी. अप्पा येरझाऱ्या घालत होते. दर अर्ध्या तासाने बंदरखात्याच्या साहेबांचा फोन. सरकारी लाँच एकच, ती सुद्धा आज सकाळी दुरुस्त झालेली. तिकडे उत्तरेला मुरुडच्या बाजूला एक होडी बेपत्ता, आणि आमच्या आठ. साहेब म्हणाले, तुमच्या सगळ्या लागल्या असतील तर लाँच मुरुडला पाठवतो, नाहीतर दक्षिणेला पाठवतो. दोन्हीकडे नाही पाठवता येणार. मला हो किंवा नाही सांगा.

तीनला नाट्याहून आला. तो मी घेतला. तिथला माणूस ओरडून एकेक नंबर सांगत होता आणि मी चिठ्ठीवर लिहून लगेच टाकत होते. आठ नंबर. त्यात २४ ऐकलं तेव्हा बरं वाटलं, ओळखीचा नंबर. शेवटचा टाकला. बटण दाबलं.

गेल्या अडतीस, आल्या अडतीस. बेरीज तीच. स्क्रीनवर 'सेम' आलं.

अप्पांनी दोन वेळा विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "अप्पा, आकडा खोटं बोलत नाही." त्यांनी साहेबांना फोन लावला आणि हो म्हणून सांगितलं. लाँच मुरुडला गेली.

नाट्याचा माणूस फोनवर थांबला होता. म्हणाला, चोवीसचा तांडेल बोलायचं म्हणतो. सुलेमानभाई. आवाज पार बसलेला.

"दमू, अब्बाची बोट आली? चाचाची?"

"सगळ्या आल्या सुलेमानभाई."

"काल अंधार पडला तवा सुटली हातातनं. मी पूर्णगडात बघितला, पहाटे भायेर पडलो, जैतापुरात बघितला, हितं बघितला. खयच नाय. डिझेल संपला हाय, हे लोक देतात म्हणतात. मी परत जातो."

"नका जाऊ. सगळ्या आल्या. कॉम्प्युटरवर बघितलंय मी."

"खयच्या बंदरात हायत?"

"ते बघायला लागेल, पण आल्यात. एकूण जुळतं."

 तो म्हणाला, "मग मी जरा पडतो. उभा राहवत नाय."

"झोपा तुम्ही," मी म्हटलं.

कुठल्या बंदरात ते मी नंतर बघणार होते, पण तेवढ्यात जनरेटर गेला. असो. अडतीसपैकी कुठेतरी आहेतच.

रझियाला मी मिठी मारली. ती रडली, पहिल्यांदाच. धावत घरी गेली. तिच्या आईने कालपासून चूल पेटवली नव्हती. संध्याकाळी त्यांच्या घरातून धूर येताना दिसला.

अप्पा येता-जाता सगळ्यांना सांगतायत. "माझ्या मुलीने." बारा वेळा तरी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बोटी घरी यायला लागल्या. तांडेल येतात, फळीवरून बिल्ला काढतात, कपाळाला लावतात, जातात. भिकाजीकाकांनी प्रत्येकाला गूळ दिला. मुरुडच्या होडीतले चौघे लाँचला सापडले, जिवंत. अप्पा म्हणाले, "बघ, आपण वेळेत सांगितलं म्हणून."

रझिया दोनदा येऊन गेली. फळीवर सातआठ बिल्ले राहिलेत, दक्षिणेकडचे. नाट्याहून यायला वेळ लागणारच.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सुलेमानभाई अकराच्या सुमारास आला. बोट लावून थेट ऑफिसात. आत येताना हसत होता. दाढी वाढलेली, हात दोराने सोललेले.

फळीपाशी गेला. तीनच बिल्ले राहिले होते. त्याने मधला काढला आणि तसाच उभा राहिला. त्याच्या रिकाम्या खिळ्याच्या डाव्या बाजूला २३, उजव्या बाजूला २५.

"अजून आली नायत?"

अप्पा म्हणाले, "येतील. जयगडला असतील."

"जयगड उत्तरेला, अप्पा. वारा उत्तरेचा होता."

अप्पांनी जयगडला फोन लावला. नाहीत. पूर्णगड. नाहीत. जैतापूर, नाटे. प्रत्येक ठिकाणी तेच उत्तर, आणि प्रत्येक फोननंतर सुलेमानभाई माझ्याकडे बघायचा. रागाने नाही. मी शाळेतल्या मुलीसारखी, उत्तर येतं म्हणून हात वर केलेली, आणि तो माझ्या उत्तराची वाट बघत असल्यासारखा.

"तू बोललीस ना, बघितलंय म्हणून."

मी म्हटलं, "कुणीतरी चुकीचा नंबर सांगितला असेल. फोनवर नीट ऐकू येत नव्हतं."

तो डिझेल भरून लगेच गेला. सोबत चार बोटी गेल्या. शुक्रवार, नमाजाचा दिवस असून गेले.

मला खात्री आहे की कुणीतरी फोनवर चुकलंय. प्रोग्रॅममध्ये चूक असूच शकत नाही, मी किती वेळा तपासलाय.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सगळ्या चिठ्ठ्या काढून बसले. कोण चुकलं ते शोधायला.

पूर्णगड, भिकाजीकाकांचं अक्षर: २४.

जैतापूर, अप्पांचं अक्षर: २४.

नाटे, माझं: २४.

कोणीच चुकलं नाही. नंबर सगळे खरे होते. जो तो आपल्या बंदरात शिरलेली बोट सांगत होता. सुलेमानभाई अब्बांना शोधत एका बंदरातून दुसऱ्या बंदरात गेला, आणि जिथे गेला तिथे त्याचा नंबर 'आली' म्हणून लिहिला गेला. तेवीस आणि पंचवीसच्या जागी चोवीस आणि चोवीस. आकडा तेवढाच, बेरीज तेवढीच. ज्यांना तो शोधत होता त्यांच्या जागा त्याने स्वतःच भरल्या, आणि त्याला माहीत नाही.

एक, दोन, तीन. दोन, दोन, दोन. बोरं खाताना.

 

शनिवार, पुन्हा

लाईट आलीय. बसवत नव्हतं म्हणून कॉम्प्युटर लावला.

ऐंशी घरांची एक ओळ करायची, प्रत्येक बिल्ल्याला एक घर. बोट गेली की तिच्या घरात एक मिळवायचा, आली की एक वजा करायचा. शेवटी सगळी घरं शून्य असली तरच सगळ्या आल्या. एकेक नंबर एकदाच बघायचा, बेरजेसारखाच. फक्त शेवटी एकदा घरांवरून नजर फिरवायची. चार ओळी जास्त.

बुधवारचे नंबर टाकले. लगेच आलं. तेवीस, नाही. चोवीस, दोन जास्त. पंचवीस, नाही.

मग तो पहिला प्रोग्रॅमही टाकून बघितला, भिकाजीकाका ज्याला हसले होते तो. पहिल्या नंबरापासून एकेक शोधत गेला आणि तेवीसवर थांबला. पुढे सापडेना त्याला. बुधवारी त्याने एवढंच केलं असतं, थांबला असता. बुधवारी अंधार पडायला तीन तास होते.

टीव्ही बंद केला तरी पडद्यावरचा उजेडाचा ठिपका बराच वेळ राहतो मध्ये.

अप्पांना सांगितलं. ते पाटावर बसले होते, जेवता जेवता थांबले. पाणी प्यायले. म्हणाले, "बाय, हे घरात बोललीस तेवढं पुरे. तिकडच्यांनी आकडे नीट दिले नाहीत, असं मी साहेबांना कळवलंय."

"आकडे नीट होते अप्पा."

"मुरुडचे चौघे वाचले ना."

"हो."

"मग ते पण लिहून ठेव तुझ्या वहीत."

लिहिलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सुलेमानभाई परत आला, रिकामा. नाट्याच्या पुढे, आंबोळगडच्या बाजूच्या लोकांनी त्याला सांगितलं, बुधवारी रात्री लांब पाण्यात उजेड दिसत होता. पेटवलेल्या चिंधीसारखा, वर-खाली होणारा. तिथले दोघे जण होडी काढायला निघाले होते. पण संध्याकाळीच नाट्याहून निरोप आला होता की रत्नागिरीच्या सगळ्या बोटी लागल्या, कॉम्प्युटरने सांगितलं. त्यांना वाटलं, कोणीतरी जाळं टाकून बसलंय.

उजेड खूप वेळ होता म्हणे.

हे सुलेमानभाई ऑफिसच्या पायरीवर बसून सांगत होता, भिकाजीकाकांना. मी आत होते. त्याला माहीत होतं मी आत आहे. भिकाजीकाका एकदाच बोलले, "मी खुणा करत होतो आधी. सोडलं." आणि नाक शिंकरलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दाऊदचाचांच्या बोटीवरच्या दोन खलाशांचे देह आंबोळगडच्या खडकात मिळाले. लांज्याकडचे होते, काशीराम आणि केरू. एकमेकांना दोराने बांधून घेतलेलं. दोराला प्लास्टिकचा कॅन. त्यांच्या गावची माणसं टेम्पो घेऊन आली होती. त्यातली एक बाई मला म्हणाली, "बाय, पानी हाय काय पियाला?" मी दिलं. तिला मी कोण ते माहीत नव्हतं. तिने माझ्या गालावरून हात फिरवला.

रसूलचाचा नाहीत. दाऊदचाचा नाहीत. बोटीसुद्धा नाहीत.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

रझियाकडे गेले. दारात तिची आई होती, आत ये म्हणाली. रझिया तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. बेरीज, तीन चिठ्ठ्या, ऐंशी घरं, चार ओळी. फोनवर सुलेमानभाईला झोपा म्हटलं ते. ती निवडत राहिली. मी थांबल्यावर म्हणाली, "भावाला ठाऊक आहे. नाट्याच्या फोनवाल्याशी बोलला तो. तिथेच समजला."

"मला काही बोलला नाही."

"काय बोलणार? तो झोपला ना. त्याला ते खातं. तू नाही खात त्याला."

मग सुपातला एक खडा उचलून तिने बाजूला ठेवला. "मी तेव्हा आणखी भांडायला पाहिजे होतं तुझ्याशी," म्हणाली. "तू हसलीस आणि मी पण हसले."

मी म्हटलं, रझिया, तू नको.

ती म्हणाली, "जा आता दमू."

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज सोसायटीत दोन बिल्ले काढायचे होते. रिकाम्या फळीवर ते दोनच बिल्ले लटकत असताना लोकांना समुद्रात जाववत नाही. नवे बिल्ले टांगताना हात अडखळतात म्हणे.

सगळे तांडेल आले होते. मौलवी होते, देवळाचे गुरव पण येऊन कोपऱ्यात उभे होते. रझिया आणि तिची आई दाराशी. एरवी बायका आत येत नाहीत.

एक म्हातारे तांडेल म्हणाले, "शेवटची खबर सुलेमानची. त्याने मंगळवारी अंधार पडताना दोघांना बघितला. त्याने काढायचा."

सुलेमानभाई जागचा हलला नाही. म्हणाला, "माजी खबर मंगळवारची. बुधवारची खबर हिची हाय."

 अप्पा उठले. "सुलेमान, पोर हाय रे ती. आणि बिल्ल्याला बाईमाणसाचा हात..."

"रीत तुमीच सांगितलीत मला, अप्पा. शेवटची खबर ज्याची त्याने. पोर का बाई, ते त्यात नव्हता."

तो ओरडला नाही. मला वाटतं तो सूड घेत नव्हता. त्याच्याच्याने होत नव्हतं, एवढंच. अप्पा माझ्याकडे बघत होते, नको म्हण म्हणून. मी नको म्हटलं असतं तर कुणी जबरदस्ती केली नसती.

मी पुढे गेले. खिळे उंचावर आहेत, माझा हात पोचेना. भिकाजीकाकांनी स्टूल आणलं, त्याचा एक पाय आखूड आहे. मी चढले तसं ते डुगडुगलं आणि मग एकदम स्थिर झालं. खाली बघितलं तर रझियाने धरलं होतं, दोन्ही हातांनी, खाली बसून.

"वाचून काढ," ती म्हणाली. "एकेक."

"तेवीस," मी वाचलं आणि काढला. थंड होता, कडेला हिरवा झालेला. तो तिच्या आईच्या हातात गेला.

मधला खिळा रिकामा होता. त्याच्यावर पण माझा हात गेला, का ते माहीत नाही.

"पंचवीस."

फळीवर मग काही नव्हतं. मला उतरता येईना. खालून रझिया म्हणाली, "उतर."

मी पूर्ण खाली येईपर्यंत तिने स्टूल सोडलं नाही.